नातवाचा स्वेटर छातीत १२ सेंटिमीटरनं लहान झाला, कुठे चुकलं? (समुद्रकाठी बसून विणणाऱ्यांनी जरूर लिहा)

पडवीतली

नमस्कार मंडळी,

या मंचावर स्वतःचा चर्चेचा धागा पहिल्यांदाच काढते आहे. गेल्या आठवड्यात नातवाचा स्वेटर विणून, जोडून, बटणं लावून तयार झाला. टपालात टाकण्याआधी लेकीला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, "आई, एकदा टेप लावून बघ गं, मला छोटा वाटतोय." टेप लावली. छातीचा घेर ६६ यायला हवा होता, आला साडेचौपन्न. दोन महिन्यांचं काम. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आमचं घर हर्णैच्या अलीकडे. पडवीत बसलं की माडांच्या मधून सुवर्णदुर्गाचा तट दिसतो. "कोकणात स्वेटर कशाला विणता?" हे मला शेजारणींपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. एक तर दापोलीच्या पठारावर जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, खाली बंदरावर राहणाऱ्यांना ते खरं वाटत नाही. आणि दुसरं, कोकणातली माणसं कोकणात असतात कुठे? कोण मुंबईला, कोण बोटीवर, कोण सैन्यात. माझी लेक स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला असते. तिथं जुलैतही दुपारचा पारा १७-१८ च्या आसपास. नातू चार वर्षांचा आहे आणि तो वर्षाचे दहा महिने काही ना काही गरम घालूनच असतो. आणि लोकर आपल्याला परकी नाहीच. माझे आजोबा भातलावणीला घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन जायचे. घाटावरचे धनगर ती घोंगडी घेऊन खाली यायचे. चिंब भिजली तरी घोंगडीत अंगाची ऊब राहते, हे आजोबांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मी पुन्हा विणायला लागले ती निसर्ग वादळानंतर. ३ जून २०२० ला आमची मागच्या बाजूची निम्मी कौलं गेली आणि माळ्यावरचं सगळं भिजलं. आईची ट्रंक अंगणात आणून उघडली, तर तळाशी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेल्या सुयांच्या तीन जोड्या. बारीक लोखंडी सुयांवर गंज, जाड ॲल्युमिनियमच्या सुयांवर पांढरी भुकटी. माथ्यावरचे आकडे मात्र स्वच्छ वाचता येत होते : ८, १० आणि १२. आई जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. वाडीत वीज यायला महिना लागला. त्या महिन्यात मी बारीक पॉलिश पेपरनं सुया घासल्या, मेणबत्ती चोळली, फडक्यानं पुसल्या, आणि एक जुना मफलर उसवून त्याच लोकरीचे टाके घातले. शाळेत शिकलेलं एक सुलट, एक उलट हातात होतं अजून.

तेव्हापासून चार टोप्या, सात पायमोजे, दोन बाळंतविडे झाले. मोठा स्वेटर हा पहिलाच. नमुना यूट्यूबवरच्या एका बाईंचा घेतला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आठ नंबरची सुई, पाठीला ६० टाके, पुढच्या दोन भागांना मिळून तेवढेच. टाके दहा वेळा मोजले. एकही टाका गळलेला नाही. मग १२ सेंटिमीटर गेले कुठे?

शिवाय आणखी दोन गोष्टी कुणी सांगू शकेल तर बघा. मार्चनंतर हाताला इतका घाम येतो की लोकर सुईवरून सरकत नाही, टाके आपोआप घट्ट पडतात. आणि लोकर पुण्याहून तुळशीबागेतून मागवली होती. दोन गुंडे कमी पडले म्हणून पुन्हा मागवले, तर रंग अगदी किंचित वेगळा आला. दुकानदार म्हणाले, तोच रंग आहे. उन्हात धरला की डाव्या बाहीवर रेघ दिसते.

सुलटउलट

ताई, आधी दोनच गोष्टी सांगा. व्हिडिओतल्या बाई कुठल्या? आणि तयार स्वेटरवर मोजपट्टी आडवी ठेवून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके येतात ते मोजा. काठावर नको, मधोमध मोजा.

पडवीतली

बाई अमेरिकेतल्या आहेत. मोजले. बरोबर २२ टाके येतात. व्हिडिओ पुन्हा पाहिला, त्यात त्या १८ म्हणतात. ते वाक्य मी तेव्हा सोडून दिलं होतं.

सुलटउलट

सापडलं! तुमच्या हाताचा काही दोष नाही ताई, दोष आकड्याचा आहे.

आपल्याकडच्या जुन्या सुयांवर असतात ते नंबर इंग्रजांच्या काळातले, तारेच्या जाडीवरून आलेले. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. १२ नंबर म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, ८ म्हणजे चार. अमेरिकेत बरोबर उलटं. तिथं आकडा वाढला की सुई जाड होते, आणि त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. आईंची आठ नंबरची सुई घेऊन तुम्ही अमेरिकेतल्या आठ नंबरचा नमुना विणलात. एका मिलिमीटरचाच फरक, पण प्रत्येक टाक्यात तो येतो.

हिशोब करून बघा. १० सेंटिमीटरला १८ टाके, तर ६० टाक्यांचे सव्वातेहतीस सेंटिमीटर. पाठ आणि पुढचं मिळून साडेसहासष्ट. १० सेंटिमीटरला २२ टाके, तर ६० टाक्यांचे सव्वासत्तावीस. दोन्ही मिळून साडेचौपन्न. हेच तुमचे बारा सेंटिमीटर.

मी हे कळकळीनं लिहिते आहे कारण मीही यात एक आख्खा पुलओव्हर घालवलाय. आता सुई घेताना मी नंबर बघतच नाही, मिलिमीटर बघते. जुन्या सुयांवरचा आकडा पुसट झाला असेल तर भोकांची मापपट्टी मिळते, ज्या भोकात सुई नीट बसेल तेच तिचं माप.

आणि कृपया, कृपया, स्वेटरला हात घालण्याआधी एक चौकोनी तुकडा विणा. निदान १५ बाय १५ सेंटिमीटरचा. तो विणून धुवा, वाळवा आणि मग मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. धुतल्यावर लोकर फुलते आणि माप बदलतं. सगळ्यांना हे काम फुकट गेलेली संध्याकाळ वाटतं. दोन महिने वाचवणारी संध्याकाळ आहे ती.

रंगाबद्दल : गुंड्याच्या पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशिवाय लॉट नंबरही असतो. एका लॉटची लोकर एका कढईत रंगवलेली असते. दुसऱ्या लॉटचा तोच रंगही किंचित वेगळा उतरतो, म्हणजे दुकानदार खोटं बोलत नव्हते. नेहमी एक गुंडा जास्तच घ्यायचा. आणि दोन लॉट गळ्यात पडलेच तर दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन ओळी दुसऱ्याच्या असं विणत जायचं. मग रेघ दिसत नाही, सगळा रंग मिसळून जातो.

खाडीपलीकडे

बापरे, नंबरचं हे मला आज कळलं. माझी दोन टोपरी का बसली नाहीत ते आता समजलं.

मालवणी_गजाल

माझ्या आवशीन १९८० च्या सुमारास विणलेलो स्वेटर अजून घरात आसा. आंबोलीक जाताना घालूचो म्हणान जपून ठेवलेलो. कसरीन खांद्यार दोन भोका पाडल्यान. रफू कसा करूचा ता कोण सांगात काय?

सुलटउलट

@मालवणी_गजाल, भोकं म्हणजे अळ्यांचं काम. कसरीचा उडणारा पतंग काही खात नाही, त्याच्या अळ्या लोकर खातात. आणि घामाचा, जेवणाचा डाग असेल तिथं आधी. म्हणून थंडी संपली की स्वेटर न धुता कधीच ठेवायचा नाही. आधी तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, अंडी-अळ्या मरतात. मग चांगलं कडक ऊन दाखवा आणि ब्रशनं झाडा. नुसत्या डांबरगोळ्या टाकून आत असलेल्या अळ्या जात नाहीत.

रफूसाठी त्याच जाडीची लोकर आणि बोथट टोकाची सुई. भोकाच्या वर-खाली चांगले टाके असतील तिथून सुरुवात करून मूळ टाका जसा जातो त्याच वाटेनं सुई फिरवायची. रंग थोडा वेगळा असला तरी चालेल. आईच्या हाताचा स्वेटर आहे, तो घालता आला पाहिजे.

तांडेल५८

पडवीतली ताई, नमस्कार. मी पुरुष असून या धाग्यावर लिहितोय, पण मीही विणतो. तीस वर्षं बोटीवर होतो. इंजिनरूममधली ड्यूटी संपल्यावर वेळ जात नाही, तेव्हा एका फिलिपिनो बोसननं (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमानं) मला सुया धरायला शिकवलं. तुमचा नातू ॲबर्डीनला आहे हे वाचून लिहावंसं वाटलं. त्या बंदरात मी दोनदा उतरलोय.

त्या बाजूच्या कोळ्यांचा स्वतःचा एक स्वेटर असतो, त्याला गॅन्झी म्हणतात. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सगळीकडे. गडद निळी पाच पदरी लोकर, बारीक सुया आणि इतकी घट्ट वीण की वारा आत शिरत नाही. हेरिंग मासळीच्या हंगामात मासे साफ करणाऱ्या मुली बंदराबंदरानं फिरायच्या आणि रिकाम्या वेळात, चालताचालतासुद्धा, विणायच्या. आपल्या हर्णैच्या लिलावाला पाट्या घेऊन बसलेल्या बायका डोळ्यांसमोर आणा आणि त्यांच्या हातात सुया द्या.

मला त्यातल्या तीन गोष्टी फार शहाणपणाच्या वाटतात, तुमच्या अडचणीला उपयोगी पडतील.

पहिली : अंग नळीसारखं गोल विणतात, खालून काखेपर्यंत. शिवण नाही. गोल विणताना सगळ्या ओळी सुलट, उलट टाका करावाच लागत नाही. त्या बायका चार-पाच दोन-टोकी सुया वापरायच्या, आता तारेनं जोडलेली गोल सुई मिळते. गोल विणलं की ओटीत धरून मध्येच माप घेता येतं. भाग सुटे असले की शिवेपर्यंत अंदाज येत नाही.

दुसरी : पुढची आणि मागची बाजू सारखीच. कोपर किंवा पोट झिजलं की स्वेटर फिरवून घालायचा. काखेत एक चौकोनी तुकडा घालतात, म्हणजे जाळं ओढताना हात वर गेला तरी स्वेटर वर चढत नाही.

तिसरी आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची : बाही मनगटाकडून सुरू करत नाहीत. खांदा जोडला की मुंढ्याभोवतीचे, म्हणजे बाही जोडतात त्या भोकाभोवतीचे, टाके उचलतात आणि बाही खाली, मनगटाकडे विणत नेतात. कारण दोर आणि खारं पाणी यांनी मनगटाचा काठ आधी झिजतो. विणकाम शेवट केलेल्या टोकाकडूनच सरसर उसवतं, सुरुवातीच्या टोकाकडून उसवत नाही. बाहीचा शेवट मनगटाला असेल तर झिजलेला काठ उसवून नवा घालता येतो, अंगाला हात लावावा लागत नाही.

नातू वाढता आहे. चार वर्षांचं पोर वर्षभरात रुंदीला फार वाढत नाही, हात मात्र लांब होतात. वरून खाली विणलेल्या बाहीचा काठ पुढच्या वर्षी उसवून पाच-सहा सेंटिमीटर वाढवला की तोच स्वेटर आणखी एक थंडी काढेल.

एक सांगून ठेवतो. बुडालेल्या कोळ्याची ओळख स्वेटरच्या नक्षीवरून पटायची, असं त्या बंदरांत पर्यटकांना सांगतात. मलाही सांगितलं होतं. त्याला भक्कम पुरावा नाही. स्वेटरवर घरातल्या बाईनं आद्याक्षरं विणलेली असायची हे मात्र खरं, मी संग्रहालयात ती काठाच्या वर पाहिली आहेत.

रात्रपाळी

बाळंतविड्याचा उल्लेख आला म्हणून लिहिते. मी प्रसूती कक्षात काम करते, रायगड जिल्ह्यात.

पायमोजे आणि हातमोजे विणताना आतल्या बाजूला मोकळे धागे सोडू नका. बाळाच्या बोटाला तो धागा गुंडाळला जातो, बोट सुजतं, रक्त अडतं, आणि मोज्यात असल्यामुळे कुणाला दिसत नाही. बाळ कळवळून रडत राहतं आणि घरचे पोटात दुखतंय म्हणून गुटी देतात. मी हे स्वतः पाहिलं आहे. प्रत्येक टोक सुईनं विणीत ओवून लपवा. मोजा उलटा करून स्वतःचं बोट फिरवून बघा, काही अडकत नाही ना. जाळीची नक्षी हातमोज्यांना नकोच. गळ्याला लांब फीत नको, बटण लावा आणि ते ओढून बघा.

आणि आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात जन्मलेल्या बाळाला लोकरीचं टोपरं, स्वेटर, मोजे सगळं घालून वर दुपट्यात गुंडाळतात. बाळ लाल होतं, घामोळं येतं. जन्मतः कमी वजनाच्या बाळाला टोपरं लागतं, तिथं डॉक्टर सांगतील तसं करा. बाकी उन्हाळ्यातल्या बाळासाठी सुती धाग्याचं विणा. सुती धाग्याला लोकरीसारखी लवचीकता नसते, काठ ढिला पडतो, म्हणून काठासाठी दोन नंबर बारीक सुई घ्या.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला आमच्या तळमजल्यात पाणी माझ्या डोक्याच्या वर होतं. लोकरीचं कपाट खालीच होतं. पुरानंतर पहिले चार दिवस लोकरीचा विचारही मनात आला नाही, ते साहजिकच. पाचव्या दिवशी कपाट आडवं केलं तेव्हा चिखलाचे गोळे बाहेर आले. कुठला रंग कुठला, कळत नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, टाकू नकोस, बघू. आम्ही दोघींनी प्रत्येक गुंडा उकलून खुर्चीच्या पाठीवर लडी केली. लडीला चार ठिकाणी सुती दोऱ्यानं सैल बांधलं, नाहीतर धुताना सगळा गुंता होतो. मग बादलीत नुसती बुडवून ठेवायची, चोळायची नाही. चिखल खाली बसतो. पहिली बादली चहासारखी, दुसरीही तशीच. सातव्या बादलीत पाणी नितळ झालं आणि त्यात पिवळा रंग दिसला. तो पिवळा मी विसरणार नाही. ॲक्रिलिकची जवळजवळ सगळी लोकर वाचली. शुद्ध लोकरीच्या चार लड्या इतके दिवस दमट चिखलात राहून कुजल्या होत्या, बोटानं ओढली की तुटायची. त्या टाकल्या. त्या पिवळ्याचा पुढे पुतणीसाठी स्वेटर झाला.

पावसाळ्यात धुणं-वाळवणं हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. माझी पद्धत लिहिते. गार किंवा कोमट पाणी, सौम्य साबण. शुद्ध लोकर गरम पाण्यात घासली की तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा जाड होतो, तो पुन्हा मोठा होत नाही. पिळायचा नाही. जाड टॉवेलवर पसरायचा, टॉवेलसकट गुंडाळी करायची आणि तिच्यावर उभं राहायचं. निम्मं पाणी टॉवेल पितो. मग दोरीवर टांगू नका, ओल्या लोकरीच्या वजनानं खांदे लांबतात. मी पट्ट्यांच्या खाटेवर सपाट पसरते आणि खाली टेबलफॅन लावते. तरी जुलैत दोन दिवस लागतात. वास येऊ नये म्हणून शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर.

ॲक्रिलिकवर इस्त्री अजिबात नको. उष्णतेनं धागा मऊ पडतो, मग वीण सपाट, लुळ्या कापडासारखी होते आणि परत उठत नाही. माझ्या नणंदेनं साखरपुड्यासाठी विणलेल्या श्रगचं हे झालं होतं, पाहुणे दारात असताना.

घामाचं म्हणाल तर मी मार्च ते मेमध्ये पहाटे पाच ते सात एवढंच विणते. हाताला टाल्कम पावडर, आणि बांबूच्या सुया. धातूला घामट लोकर चिकटते, बांबूवर तितकी चिकटत नाही. लोखंडी सुया मात्र पांढऱ्या लोकरीला वापरू नका, खाऱ्या हवेत रात्रीत गंज धरतात आणि तो डाग टाक्यात बसतो. बसलाच तर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, ओलं असतानाच धुऊन टाका.

आजीचीलाडकी

धागा वाचून आजीची आठवण झाली. १९६२ च्या युद्धात जवानांसाठी स्वेटर विणायचं आवाहन झालं तेव्हा ती रत्नागिरीत शाळेत होती. हिरवी लोकर वाटली होती आणि सगळ्या मुली मधल्या सुट्टीत विणायच्या. आजीनं आयुष्यात बर्फ पाहिला नाही. ती सांगायची, विणताना सारखं वाटायचं, बाह्या पुरतील ना त्या पोराला.

पडवीतली

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी, तुमचं वाचून मी कपाटातले पायमोजे काढले आणि सातही उलटे करून बोट फिरवलं. दोन मोज्यांत धागा निघाला. लगेच ओवून टाकला.

स्वेटरबद्दल दोन सल्ले घरातच मिळाले. बहीण म्हणाली, दोन्ही कुशींना सहा-सहा सेंटिमीटरची पट्टी विणून जोड, छातीचे बारा भरून निघतील. मी तसं मांडून पाहिलं. छाती भरते, पण मुंढा आणि बाही अरुंदच राहतात, त्यांनाही पट्ट्या लागतील. शिवाय डाव्या बाहीवरची रेघ आहेच. मग ठरवलं, उसवायचा.

उसवणं मला फार जड गेलं. पहिला टाका ओढेपर्यंतच. एकदा धागा मोकळा झाला की तो सर्र सर्र येत राहतो आणि हातावर नागमोडी वळणांचा ढीग पडतो. तांडेल५८ म्हणाले तसंच, शेवटाकडून सुरू केलं आणि कुठंही अडलं नाही. मग वाशिष्ठीकाठ यांच्यासारख्या लड्या केल्या, कोमट पाण्यात बुडवल्या, मांडवाच्या बांबूवर टांगल्या आणि खाली एकेक रिकामा हँगर लटकवला. सकाळपर्यंत वळणं बरीच सरळ झाली.

आता गोल सुईवर घेणार आहे. सुलटउलट, हा हिशोब बघाल का? आमचंच आठ नंबर, म्हणजे चार मिलिमीटर. तुकडा विणून, धुऊन, वाळवून १० सेंटिमीटरला २२ टाके. घेर ६६, म्हणजे १४५. काठ दोन सुलट, दोन उलट करायचाय म्हणून चारनं भाग जाईल असे १४४.

सुलटउलट

अगदी बरोबर. १४४ म्हणजे साडेपासष्ट येईल, चालेल. काठाला १० नंबर घ्या. टाके जोडून गोल करताना पिळा पडलेला नाही ना ते पहिल्या ओळीत डोळे लावून बघा, पिळा नंतर काढता येत नाही. आणि गळा! चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ५० च्या आसपास असतो. गळ्याचे टाके जाड सुईनं, सैल बंद करा, नाहीतर स्वेटर सगळा बसेल आणि डोक्यातून जाणार नाही.

तांडेल५८

मापं फोनवर घेताना मुलीला अंगाची मापं विचारू नका. पोर हलतं, टेप घसरते. त्याचा नीट बसणारा एखादा स्वेटशर्ट जमिनीवर सपाट पसरून मोजायला सांगा : काखेपासून काखेपर्यंत, खांद्यापासून खाली, काखेपासून मनगटापर्यंत. मोजताना टेपसकट फोटो काढायला सांगा.

पडवीतली

महिन्यानं परत आले आहे.

स्वेटर झाला. स्वेटशर्टची मापं आणि फोटो मागवले, आणि काखेपर्यंत पोचले तेव्हा पुन्हा एकदा टेप लावली : ६५. तिथं मी सुई खाली ठेवून पाणी प्यायले. मुंढ्याभोवती ६६ टाके उचलले आणि बाही खाली नेत नेत मनगटाला ४० वर आणली. दोन लॉट दोन-दोन ओळींनी मिसळले, उन्हात धरून बघितलं, रेघ नाही. काठाच्या वर पुढच्या बाजूला त्याचं आद्याक्षर उलट टाक्यांनी उमटवलं. गळा सहा नंबरच्या सुईनं बंद केला. इथं घालून बघायला कुणी नव्हतं, तर शेजारच्या सातवीतल्या मुलाच्या डोक्यातून घालून काढला. गेला, म्हणजे नातवाच्या जाणारच.

पार्सल पोचलं. बाह्या दोन बोटं लांब आहेत, त्यानं स्वतःच दुमडून घेतल्या. सोबत उरलेली साठेक ग्रॅम लोकर आणि आईच्या दहा नंबरच्या सुया पाठवल्या होत्या, पुढच्या वर्षी बाहीचा काठ उसवून वाढवायला. लेकीनं आयुष्यात सुई हातात घेतलेली नाही. काल रात्री, त्यांच्या संध्याकाळी, तिनं व्हिडिओ कॉलवर वीस टाके घातले. पहिली ओळ इतकी घट्ट झाली की सुई आत जाईना. ती उसवली, पुन्हा घातले. मग सुईचा माथा कॅमेऱ्याजवळ आणून तिनं विचारलं, "आई, हे दहा म्हणजे कुठलं दहा?"

मी सांगितलं, आपलं. सव्वातीन मिलिमीटर.